रंगाऱ्यांची ओळ

कागदावर हिचं नाव
‘तळेकाठ, पूर्व बाजू, क्रमांक एक ते एकोणीस’.
रिक्षावाल्याला ते कळलं नाही.
रंगाऱ्यांची ओळ म्हटल्यावर म्हणाला, असं सांगा की.

मार्चातच आठ वाजता पत्रे तापलेले.
टेप, पाटी, बिनसाखरेच्या चहाचा थर्मास.
एकोणीस लाकडी माड्या पाण्याकडे तोंड करून,
खांद्याला खांदा लावून, की एकमेकींना टेकून?
फोटोत हा फरक येत नाही.
सातवी आठवीच्या अंगावर रेललेली,
आठवी नववीच्या.
नववी जागेवर नाही. पडून सहा वर्षं झाली,
तिथं मोटारसायकली लावतात.
आठवी मग कशाला टेकलीय
याला फॉर्मात जागा नव्हती.

तळ्याच्या अंगाला प्रत्येकीला सज्जा.
ओलं सूत इथं वाळायचं,
थेंब थेंब गळायचं फळ्यांवर.
‘रंधा मारा,’ म्हणाले नागनाथ कैरमकोंडा,
‘खाली लाल. अजून मारा, अजून लाल.
शेवटची कढई उतरवली त्याला तेवीस वर्षं झाली ओ,
पण पावसात सज्ज्याखाली वाटी ठेवली
की पाणी गुलाबी पडतं.’
मी वाटी बघितली. ॲल्युमिनियमची, काठाला चेपलेली,
तळाशी एक वाळलेला मुंगळा.

लाकूड कोणतं?
‘खालचं साग. वरचं मागाचं.’
मागाचं म्हणजे?
‘यंत्रमाग आले तेव्हा हातमाग मोडून
जळणाला निघाले होते, गाड्याच्या गाड्या.
आमच्या चुलत्यानं अठरा माग उचलले.
लोक हसले. म्हणाले, विणकर सोडून चालले, हा माग गोळा करतोय.
त्यानं त्यांची माडी बांधली.’

मी वर गेले.
पाय ठेवला, खट्.
दुसरा ठेवला, खट्.
चौथ्या पावलाला मी मुद्दाम थांबले,
तर खाली कुठंतरी एक खट् उशिरा आला.

खिडकीच्या उंबऱ्याला बोटांनी चाचपलं.
बारीक बारीक चरे, शेजारी शेजारी,
केसाइतके, पण खोल.
सूत कापूस असतो, लाकूड लाकूड असतं,
आणि तरी कुणीतरी चाळीस वर्षं
ते त्याच्यावरून ओढत राहिलं होतं.
रकाने दोनच: ‘नक्षी’ आणि ‘नुकसान’.
मी पेन्सिल कानावर ठेवली.

राजेश्वरी हंडा घेऊन जिना चढत होती.
‘वारसा म्हणताय ना?
मग हे पाणी वर कोण चढवतंय तेही लिहा.
आणि वाळवी लिहू नका.
किंवा लिहा.
वाळवी लिहिली तर पैसे मिळतात
की पाडायची नोटीस?’
मला खरंच माहीत नव्हतं.
तसं म्हणाले तर तिनं हंडा खाली ठेवला,
पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं
आणि शेंगाचटणी-भाकरी वाढली. कडक भाकरी.
ती मोडताना झालेला आवाजही
लाकडाचाच वाटला.

मग भोरड्या आल्या.
तळ्यावरून एकदम काळं कापड झटकावं तशा,
वळल्या, घडी पडली, उलगडली,
आणि सज्ज्याच्या कठड्यावर दोन मिनिटं
इतकं वजन बसलं
की सातवी कण्हली.
नागनाथ मान वर न करता म्हणाले, ‘रोजचंच आहे.’

सगळी मापं झाली, एक राहिलं.
राजेश्वरीच्या पोराला, चरणला, टेपचं टोक दिलं,
मोटारसायकली चुकवत तो दहावीच्या भिंतीपर्यंत गेला.
‘घट्ट धर.’
अकरा फूट चार इंच.
‘ताई, इथं तर काहीच नाहीय.’
हो.
‘मग लिहिलं कशाला?’

आठवीकडे बोट दाखवलं मी.
तो बराच वेळ बघत राहिला,
टोक काही सोडेना.